टेप जळली, सोबत राहिली

अंधाऱ्या पडद्यावर एक हात काडी ओढतो. वात पेटते आणि ठिणग्या उडवीत पडदाभर धावू लागते. तिच्यामागे चित्रांची नुसती धांदल! कुणाच्या बोटांत किल्ली, कुठे तिजोरीची तबकडी, कुठे धावत्या मोटारीची चाके, कुणाचा दचकलेला चेहरा. ही सारी चित्रे त्याच दिवशीच्या भागातली. पण इतक्या झपाट्याने सरकणारी, की उत्सुकता चाळवावी आणि हाती मात्र काही लागू नये. १७ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ही वात पहिल्यांदा पेटली आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ ही मालिका सुरू झाली. काडी ओढणारा तो हात होता मालिकेचा जनक ब्रूस गेलर याचा.

आज हे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतो तो टॉम क्रूझ. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या काचांवरून चढणारा, उडत्या विमानाला बाहेरून लटकणारा. १९९६ ते २०२५ या काळात त्याचे असे आठ चित्रपट आले. २०११ च्या चित्रपटात तर आपला अनिल कपूरही छोट्याशा भूमिकेत चमकून गेला. पण या साऱ्या धावपळीचे मूळ असलेली मालिका पाहिली, तर तिच्यातली माणसे फारशी धावताना दिसत नाहीत. कुणी नळदुरुस्तीवाला होऊन येतो, कुणी डॉक्टर, कुणी श्रीमंत बाई. प्रत्येक जण आपल्या वाट्याचे काम चोख करतो, शत्रू आपल्याच हाताने खड्ड्यात पडतो आणि हे पाच जण एका साध्या मोटारीत बसून निघून जातात. पाठीमागे टाळ्या नाहीत, हारतुरे नाहीत. सात वर्षे आणि १७१ भाग चाललेल्या या मालिकेवर लोकांनी जीव लावला तो या माणसांमुळे.

बाईंचा होकार

१९६२ पासून जेम्स बाँडचे चित्रपट येऊ लागले आणि छोट्या पडद्यावरही गुप्तहेरांची लाट आली. १९६४ मध्ये ‘द मॅन फ्रॉम अंकल’, १९६५ मध्ये ‘आय स्पाय’. गेलरच्या मनात मात्र एकटा शूर नायक नव्हता. ‘टोपकापी’ या १९६४ च्या चित्रपटात निरनिराळ्या कसबाची माणसे एकत्र येऊन इस्तंबूलच्या राजवाड्यातला रत्नजडित खंजीर पळवतात. तो पाहून त्याला वाटले, की अशी टोळी चांगल्या कामासाठी का असू नये?

या कल्पनेला आसरा मिळाला तो डेसिलू स्टुडिओत. स्टुडिओच्या सर्वेसर्वा होत्या ‘आय लव्ह ल्युसी’मधून घराघरांत पोहोचलेल्या विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल. या बाईंनी एकाच वर्षी दोन महागड्या मालिकांना होकार दिला. एक ‘मिशन : इम्पॉसिबल’ आणि दुसरी ‘स्टार ट्रेक’. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, स्टुडिओ विकला गेला. पण बाईंनी लावलेली ही दोन्ही झाडे साठ वर्षांनंतरही पालवत आहेत.

स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारी धून

संगीताचे काम गेलरने अर्जेंटिनातून आलेल्या लालो शिफ्रिनकडे सोपवले. कुणी स्वयंपाकघरात असेल, तरी नुसती धून कानांवर पडताच त्याला कळले पाहिजे की कोणती मालिका सुरू झाली, अशी अपेक्षा होती. शिफ्रिनने नेहमीच्या चार ठोक्यांची चौकट बाजूला ठेवली आणि पाच ठोक्यांची धून बांधली. दोन लांब ठोके, मग दोन आखूड. आपल्याकडच्या संगीतप्रेमींना हिशेब पटकन उमगेल. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा विभागतात. या धुनेतल्या दहा मात्रा तीन-तीन-दोन-दोन अशा पडतात. म्हणूनच ती ऐकताना पाऊल जरा अडखळल्यासारखे वाटते आणि मन पुढे काय होणार म्हणून ताठ होते. गंमत म्हणजे तारायंत्राच्या मोर्स लिपीत दोन लांब आणि दोन आखूड खुणा म्हणजे ‘एम’ आणि ‘आय’, मालिकेची आद्याक्षरेच! या संगीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाले. शिफ्रिनचे जून २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा जगभरच्या बातम्यांत पहिल्यांदा आठवण निघाली ती याच धुनेची.

पाच माणसे, पाच कसबे

प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली. प्रमुख एखाद्या आडबाजूच्या ठिकाणी जातो, लपवलेले टेपरेकॉर्डर काढतो. एक धीरगंभीर आवाज कामगिरी समजावतो. तो आवाज बॉब जॉन्सनचा. चेहरा प्रेक्षकांना कधीच दिसला नाही. कामगिरी स्वीकारायची की नाही, हे ठरवण्याची मुभा असते. पण एक बजावणी असतेच, की तुम्ही किंवा तुमचे सहकारी पकडले गेलात अथवा मारले गेलात, तर सरकार कानांवर हात ठेवील. मग पाच सेकंदांत टेपमधून धूर निघतो आणि पुरावा संपतो.

पहिल्या वर्षी हा प्रमुख होता डॅन ब्रिग्ज, म्हणजे अभिनेता स्टीव्हन हिल. हिल हा कर्मठ ज्यू. शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ सुरू होतो आणि त्या काळात काम वर्ज्य. शुक्रवारी दुपार कलली की तो सेटवरून घरी निघे, चित्रीकरण कुठवर आले आहे याची पर्वा न करता. कोकणातले बेने इस्रायली तेलघाणी चालवत, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद; म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ नाव पडले. त्यांना हिलचे वागणे पटकन समजले असते. स्टुडिओच्या वेळापत्रकाला मात्र ते झेपेना. वर्षअखेरीस हिलची जागा गेली. त्याने कित्येक वर्षे अभिनयच सोडला आणि पुढे ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकेतल्या वृद्ध सरकारी वकिलाच्या भूमिकेत तो पुन्हा लोकांसमोर आला.

दुसऱ्या वर्षापासून आला जिम फेल्प्स. पीटर ग्रेव्हज हा उंच, रुपेरी केसांचा, खर्जातल्या आवाजाचा नट. ‘गनस्मोक’ या गाजलेल्या मालिकेचा नायक जेम्स आर्नेस त्याचा थोरला भाऊ. ग्रेव्हजच्या चेहऱ्यात असा काही भरवसा होता, की घरातला कर्ता पुरुष ‘होईल सगळे नीट’ म्हणाला की जसे हायसे वाटते, तसे तो पडद्यावर आला की वाटे. १९७१ मध्ये याच भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळाला.

बहुरूपी रोलिन हँड म्हणजे मार्टिन लँडाऊ. तारुण्यात वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रे काढणारा हा माणूस इतरांच्या लकबी अचूक टिपत असे. चित्रपटांसाठी मोकळे राहावे म्हणून त्याने पहिल्या वर्षी लांबचा करार केला नाही. तो दर भागात ‘खास पाहुणा’ म्हणूनच येत राहिला! मुखवटा ओढून काढताच आतून लँडाऊचा चेहरा निघे, तो क्षण म्हणजे मालिकेचे नाणे.

सिनॅमन कार्टर झाली होती लँडाऊची पत्नी बार्बरा बेन. गुप्तहेरकथांतली बाई म्हणजे नायकाच्या गळ्यात पडणारी शोभेची बाहुली, असा त्या काळचा रिवाज. बेनची सिनॅमन डोक्याने काम करी. समोरचा पुरुष तिच्या रूपाकडे पाहत असतो तेव्हा ती त्याच्या मनातले वाचत असते. १९६७, १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ तीन वर्षे तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचे एमी पारितोषिक मिळाले.

विली आर्मिटेजचे काम ओझी उचलण्याचे. पीटर ल्युपस शरीरसौष्ठवपटू; इटलीत बनलेल्या पौराणिक चित्रपटांत त्याने पहिलवानी भूमिका केल्या होत्या. त्याच्या वाट्याला संवाद अगदी मोजके. पण मधल्या एका वर्षी त्याला कमी भागांत घेतले, तेव्हा त्याची उणीव जाणवली आणि तो परतला. घरातल्या अबोल माणसाची किंमत तो दिसेनासा झाल्यावरच कळते, त्यातलाच प्रकार.

आणि बार्नी कॉलियर! ग्रेग मॉरिस हा कृष्णवर्णीय अभिनेता. १९६६ च्या अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा होऊन दोनच वर्षे झाली होती. अशा वेळी या चमूचा अभियंता, सर्वांत अवघड यंत्रे बनवणारा माणूस काळ्या वर्णाचा दाखवला गेला आणि त्याविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. ना भाषण, ना कौतुक. बार्नी भिंतीआड, जमिनीखाली, लिफ्टच्या खोबणीत घामाघूम होऊन तारा जोडत असतो आणि बाकीचे चौघे आपला जीव त्याच्या हातांवर सोपवून वर निर्धास्त उभे असतात. समतेचा याहून सोपा धडा कोणता? १९७१ च्या ‘किटारा’ या भागात तर वंशद्वेष्ट्या वसाहतीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याला हे लोक त्याच्या स्वतःच्याच वंशाविषयी शंका घ्यायला लावतात.

खुनाखुनीपेक्षा डोके

मालिकेच्या सुरुवातीच्या काळातले बिनीचे लेखक विल्यम वुडफील्ड आणि ॲलन बॉल्टर. वुडफील्डला जादूच्या खेळांचा नाद. जादूगार एका हाताकडे लक्ष वेधतो आणि दुसऱ्या हाताने काम उरकतो. कथांची बांधणी नेमकी तशीच. पहिल्या वर्षीच्या ‘ऑपरेशन रोगोश’मध्ये परक्या देशाचा एक हस्तक लॉस एंजेलिसमध्ये भीषण घातपाताच्या तयारीने येतो. मारहाणीने तो तोंड उघडणार नाही. मग त्याला बेशुद्ध करतात. जाग येते तो मायदेशातल्या तुरुंगात! तीन वर्षे उलटली आहेत, म्हणतात, आणि त्याच्यावर फितुरीचा आरोप आहे. आपण निष्ठावंत आहोत हे पटवण्याच्या धडपडीत तो स्वतःच सगळा कट सांगून टाकतो. तुरुंग अर्थातच खोटा.

१९६९ चा ‘द माइंड ऑफ स्टेफन मिक्लोस’ हा भाग रसिक अजूनही वाखाणतात. इथे फसवायचे आहे ते शत्रूच्या अत्यंत बुद्धिमान अधिकाऱ्याला. ढोबळ पुरावा ठेवला तर तो ओळखणार. म्हणून पुरावे इतके बारीक ठेवले जातात, की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येऊ नयेत. मिक्लोस ते हुडकतो, जुळवतो, खूश होतो आणि हवा तोच चुकीचा निष्कर्ष काढतो. त्याला फसवले त्याच्याच हुशारीने. शेवटी त्याच्याविषयी थोडा आदरच वाटतो.

अशा भागांत मिनिटेच्या मिनिटे कुणी बोलत नाही. स्क्रू फिरतो आहे, घड्याळ सरकते आहे, पहारेकरी जवळ येतो आहे... प्रेक्षकाने नजर हटवली की धागा सुटला. १९६७ आणि १९६८ अशी दोन्ही वर्षे उत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी मिळाले ते उगाच नव्हे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. दुसऱ्या देशात शिरून तिथली सत्ता उलटवण्याचा अधिकार या मंडळींना दिला कुणी, हा प्रश्न मालिकेने स्वतःला विचारला नाही. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकन मन पोळले, तशा परदेशी कामगिऱ्या कमी होत गेल्या आणि शेवटच्या दोन वर्षांत हे लोक देशातल्याच गुंडटोळ्यांच्या मागे लागले. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने खऱ्या गुप्तहेर खात्याचे परदेशातले उद्योग चव्हाट्यावर आणले, तेव्हा कळले की वास्तवातल्या अशा कामगिऱ्या इतक्या नीटनेटक्या आणि निष्पाप नसतात.

सरकार विसरेल, आम्ही नाही

तरीही मालिका मनात घर करून राहते ती एका वेगळ्याच कारणाने. गेलरचा दंडक होता, की या पात्रांचे घरदार, प्रेम, रुसवेफुगवे दाखवायचे नाहीत. फक्त काम. पण माणसे सतत एकमेकांवर जीव टाकून काम करताना दिसली, की नाते आपोआप दिसते. ते उघड झाले जानेवारी १९६९ च्या ‘द एक्स्चेंज’ या भागात. त्यात सिनॅमन शत्रूच्या हाती सापडते. बंद जागेची तिला भीती वाटते, हे शत्रू हेरतो आणि तिचा छळ मांडतो. इतकी सावध, इतकी सुंदर सिनॅमन घामाने भिजून भिंतीला टेकलेली दिसते. टेपवरच्या बजावणीप्रमाणे सरकार तिला ओळखही दाखवणार नाही. पण फेल्प्स, रोलिन, बार्नी आणि विली स्वस्थ बसत नाहीत. ते शत्रूचाच एक हेर हाती घेतात आणि त्याच्या बदल्यात तिला सोडवून आणतात.

दर आठवड्याला ऐकू येणाऱ्या त्या कोरड्या वाक्याला मालिकेने दिलेले हे उत्तर. वर बसलेले हात झटकतील, सोबती झटकणार नाहीत.

पडद्यामागे मात्र हा धागा इतका चिवट राहिला नाही. त्याच वर्षी मानधनावरून लँडाऊचे फिसकटले. त्याने मालिका सोडली आणि पाठोपाठ बेननेही. रोलिनच्या जागी जादूगार पॅरिस म्हणून आला लिओनार्ड निमॉय, ‘स्टार ट्रेक’मधला लांब कानांचा स्पॉक. योगायोग असा, की स्पॉकची भूमिका आधी आपल्याकडे आली होती, असे लँडाऊ सांगत असे. सिनॅमनची खुर्ची भरणे त्याहून अवघड. लेस्ली ॲन वॉरन आणि लिंडा डे जॉर्ज या अभिनेत्रींनी पुढे जबाबदारी सांभाळली. ३० मार्च १९७३ रोजी मालिका संपली. ब्रूस गेलर १९७८ मध्ये विमान अपघातात गेला. लँडाऊने मात्र उतारवयात कमाल केली. ‘एड वुड’मधल्या वृद्ध नटाच्या भूमिकेसाठी १९९५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

मोठ्या पडद्याने दिलेला घाव

मे १९९६ मध्ये ब्रायन डी पामा याने दिग्दर्शित केलेला पहिला ‘मिशन : इम्पॉसिबल’ चित्रपट आला. जिम फेल्प्सच्या भूमिकेत जॉन व्होइट होता. त्यात फेल्प्सची जवळजवळ सारी माणसे एका रात्रीत मारली जातात आणि शेवटी उघड होते, की त्यांना मृत्यूच्या तोंडी देणारा फितूर खुद्द फेल्प्सच!

तरुण प्रेक्षकांसाठी ही कथेतली नुसती कलाटणी होती. जुन्यांच्या मात्र ती काळजाला लागली. भूमिका आधी पीटर ग्रेव्हजलाच देऊ केली होती. फेल्प्सला गद्दार ठरवणारी कथा त्याला पटली नाही आणि त्याने नकार दिला. मोठा पैसा, मोठा पडदा, सत्तरीला आलेल्या नटाला अशी संधी पुन्हा कुठली? त्याने ती सोडली. विशेष म्हणजे ग्रेव्हजला फितुराची भूमिका वर्ज्य होती असे नाही. १९५३ च्या ‘स्टॅलग १७’ या चित्रपटात युद्धकैद्यांमध्ये मिसळलेला जर्मन हेर त्यानेच रंगवला होता. पण फेल्प्स म्हणजे लाखो घरांनी विश्वासाने आत घेतलेला माणूस. तो विश्वास मोडण्याचे काम आपल्या चेहऱ्याने होऊ नये, एवढेच त्याने पाहिले. ग्रेग मॉरिस चित्रपट पाहायला गेला आणि अर्ध्यातून उठून बाहेर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचे निधन झाले.

पुढच्या चित्रपटांना बहुधा ही चूक उमगली. सोबत्यांना सोडायचे नाही, हे त्यांच्या नायकाचे ब्रीदच झाले. २०२५ च्या चित्रपटात तर ब्रिग्ज नावाचा अधिकारी फेल्प्सचा मुलगा निघतो. जुन्या दोन्ही प्रमुखांची नावे एकाच माणसात! उशिरा का होईना, घराण्याची आठवण काढली गेली.

बापाच्या जागी लेक

मालिकेच्या मूळ स्वभावाची आठवण ठेवावी ती मात्र आणखी एका प्रसंगातून. १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा मोठा संप झाला. नव्या संहिता मिळेनात, तेव्हा जुन्या कथा हाताशी घेऊन ‘मिशन : इम्पॉसिबल’ पुन्हा सुरू करण्यात आली. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात. पांढऱ्या केसांचा फेल्प्स परतला, टेपच्या जागी छोटी तबकडी आली. चमूत यंत्रतज्ज्ञ म्हणून एक तरुण होता, ग्रँट कॉलियर, बार्नीचा मुलगा. भूमिका केली होती फिल मॉरिसने, ग्रेग मॉरिसच्या सख्ख्या मुलाने!

एका भागात निवृत्त बार्नी खोट्या आरोपात अडकून परदेशी तुरुंगात पडतो. फेल्प्स आणि ग्रँट त्याला सोडवायला जातात. पडद्यावर बाप-लेक, पडद्याबाहेरही बाप-लेक. एके काळी याच बार्नीने तारा जोडून इतरांचे जीव वाचवले होते. आता त्याच्याच वळणाची बोटे त्याच्यासाठी कुलूप उघडत होती.

ग्रेव्हज २०१० मध्ये गेला, निमॉय २०१५ मध्ये, हिल २०१६ मध्ये, लँडाऊ २०१७ मध्ये. पण जुना एखादा भाग लावला, की काडी पेटते, वात धावते, स्वयंपाकघरातल्या माणसाचेही कान टवकारतात. पन्नास मिनिटांनी काम फत्ते होते. साधी बंद मोटार दाराशी उभी असते. एकेक जण गर्दीतून निघून आत येऊन बसतो. शेवटचा आत आला, की दार लागते आणि मोटार निघते. त्याच्या आधी नाही.